टी१ की टी२? मुंबईत फ्लाइटला टर्मिनल कसं मिळतं आणि आपलं कसं शोधायचं

विमानतळाला जायचं म्हटलं की रिक्षावाला विचारतो, “डोमेस्टिक की इंटरनॅशनल?” या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तरी माणूस चुकीच्या दारात उतरू शकतो. नागपूरचं विमान डोमेस्टिकच, पण ते टी२वरून सुटणार असेल आणि तुम्ही नुसतं ‘डोमेस्टिक’ म्हणालात, तर गाडी सांताक्रूझच्या बाजूला वळते. म्हणून पहिली सवय ही लावा: रिक्षा, टॅक्सी, घरचे, कुणीही विचारलं तरी उत्तर ‘टी वन’ किंवा ‘टी टू’ एवढंच द्यायचं.

हा गोंधळ जुना आहे आणि त्याला कारणही आहे. अनेक वर्षं मुंबईत ‘सांताक्रूझ’ म्हणजे देशांतर्गत आणि ‘सहार’ म्हणजे परदेशी, अशी सरळ वाटणी होती. सहारची नवी इमारत, म्हणजे आजचं टी२, २०१४ साली सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला तिथून आंतरराष्ट्रीय उड्डाणंच होत होती. पुढे एअर इंडियासारख्या कंपन्यांची देशांतर्गत उड्डाणंही तिथे आली आणि जुनं समीकरण मोडलं. लोकांच्या बोलण्यात मात्र ते अजून टिकून आहे.

पहिली पायरी: दोन इमारती, दोन रस्ते

टी१ विलेपार्ले–सांताक्रूझ पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून आहे. टी२ अंधेरी पूर्वेला सहारला आहे. धावपट्ट्या दोघांच्या सामाईक आहेत, त्यामुळे नकाशावर दोन्ही एकाच कुंपणात दिसतात. प्रवाशासाठी मात्र आतून चालत जाण्याची वाट नाही. एकातून दुसऱ्यात जायचं तर बाहेर येऊन रस्त्याने चार-पाच किलोमीटरचा वळसा घालावा लागतो. रस्ता मोकळा असेल तर पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळी, त्यात पाऊस असेल, तर पाऊण तास धरा.

महामार्गावरून टी२ला सहार उन्नत मार्गाने थेट प्रस्थानाच्या मजल्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर, जाता येतं. आगमन दुसऱ्या मजल्यावर आहे. रिक्षा मात्र प्रस्थानाच्या दारापर्यंत जात नाही, त्यामुळे मोठं सामान आणि घरातलं वयस्कर माणूस बरोबर असेल तर टॅक्सीच बरी. मेट्रो ३ची, म्हणजे अ‍ॅक्वा लाइनची, दोन्ही टर्मिनलांना वेगवेगळी स्टेशनं आहेत आणि त्यांच्या मध्ये सहार रोड हे एकच स्टेशन आहे. दिवसाउजेडी टी१वरून टी२ला जायला हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पहाटे चारच्या विमानाला तो उपयोगाचा नाही, कारण तेव्हा मेट्रो बंद असते.

दुसरी पायरी: टर्मिनल ठरवतं कोण?

कंपनीला मुंबईत विमान उतरवायचं असेल तर आधी स्लॉट लागतो, म्हणजे ठरावीक वारी, ठरावीक वेळेला उतरण्याची आणि उडण्याची मुभा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच चालते. गर्दीच्या तासांत तासाला ४६ उड्डाण-अवतरणं होत असत. विमानं आकाशात घिरट्या घालत राहतात म्हणून २०२४च्या फेब्रुवारीत हा आकडा ४४वर आणण्याचा आदेश निघाला. इतक्या थोड्या जागेसाठी मागणारे पुष्कळ, म्हणून वाटप वर्षातून दोनदा हंगामानुसार होतं. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मिळालेले स्लॉट हंगामात किमान ८० टक्के वापरले तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात त्यांच्यावर कंपनीचा हक्क राहतो. नाही वापरले तर ते परत वाटपात जातात.

स्लॉट मिळाला म्हणजे टर्मिनल मिळालं असं होत नाही. स्लॉट धावपट्टीवरच्या वेळेचा असतो. ते विमान कुठल्या इमारतीशी लागेल, हे विमानतळ चालवणारी कंपनी विमान कंपन्यांशी बोलून ठरवते. धावपट्टी रिकामी आहे, पण त्या तासाला टी१मध्ये काउंटर शिल्लक नाहीत, अशी वेळ येते. मग कंपनीला वेळ तरी बदलावी लागते, टर्मिनल तरी.

ठरलेलं टर्मिनल वेळापत्रकाच्या फाइलमध्ये भरलं जातं. विमान कंपन्या एकमेकांना आणि तिकीटविक्रीच्या यंत्रणांना ज्या ठरावीक साच्यात वेळापत्रक पाठवतात, त्यात प्रस्थानाच्या आणि आगमनाच्या टर्मिनलसाठी वेगवेगळे रकाने असतात. तुमच्या तिकिटावरचं ‘टर्मिनल २’ तिथूनच येतं. तिकीट काढलं त्या दिवशी त्या रकान्यात जे होतं, ते तिकिटावर छापलं गेलं. नंतर रकाना बदलला, तरी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरची पीडीएफ आपोआप बदलत नाही.

तिसरी पायरी: कुठली फ्लाइट कुठे, आणि का

पहिली चाळण इमिग्रेशनची. पासपोर्ट तपासणी आणि कस्टम्स टी२लाच आहेत, त्यामुळे परदेशी जाणारं प्रत्येक प्रवासी विमान टी२वरूनच सुटतं, मग कंपनी देशी असो वा विदेशी, तिकीट स्वस्त असो वा महाग. इथे शंकेला जागा नाही.

दुसरी चाळण जोडप्रवासाची. परदेशातून येऊन पुढे गोवा किंवा हैदराबादला जाणारे प्रवासी ज्या कंपनीकडे जास्त, तिला देशांतर्गत विमानंही टी२लाच हवी असतात. एअर इंडियाची देशांतर्गत उड्डाणं टी२ला असण्याचं मुख्य कारण हेच. इंडिगोची उड्डाणं दोन्ही टर्मिनलांत विभागलेली असतात, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. गेल्या वेळी टी१वरून गेलो म्हणून या वेळीही तिथेच, हा हिशेब लागू पडत नाही. सकाळची दिल्ली एका टर्मिनलवरून आणि संध्याकाळची दुसऱ्यावरून, असंही असू शकतं. विभागलेल्या उड्डाणांसाठी कंपन्या कधीकधी फ्लाइट क्रमांकांची वेगळी मालिका ठेवतात. कर्मचाऱ्यांना त्याने ओळख पटते, पण प्रवाशाने त्यावर विसंबू नये, कारण हंगाम बदलला की मालिका बदलू शकते.

तिसरी गोष्ट विमानाच्या अंगाची. विमान उभं करायच्या जागेला विमानतळावर ‘बे’ म्हणतात, आणि बे पंखांच्या रुंदीने मोजतात. ए३२० किंवा बोइंग ७३७चे पंख ३६ मीटरच्या आत बसतात. बोइंग ७७७-३००ईआरचे जवळपास ६५ मीटर होतात. मोठ्या बेवर कधी दोन लहान विमानं शेजारी लावता येतात, पण लहान बेवर मोठं विमान कधीच नाही. मोठी विमानं प्रामुख्याने परदेशी धावतात आणि परदेशी वाहतूक टी२ला, त्यामुळे मोठे बे आणि त्यांचे एरोब्रिज, म्हणजे गेटपासून विमानाच्या दाराला लागणारे बंद पूल, तिकडे आहेत. एटीआरसारखं पंख्याचं छोटं विमान असेल तर बहुधा बसने बेपर्यंत नेतात, टर्मिनल कुठलंही असो.

चौथी गोष्ट घड्याळाची, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईची आंतरराष्ट्रीय गर्दी रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत असते, तर देशांतर्गत गर्दी सकाळी आणि संध्याकाळी. टी२ची काही गेट्स अशी बांधली आहेत की दारं आणि काचेच्या वाटा बदलून तेच गेट रात्री आंतरराष्ट्रीय आणि दिवसा देशांतर्गत वापरता येतं. एरवी दिवसभर ओस पडणारी जागा त्यामुळे कामी येते. टी२ला देशांतर्गत विमानं सामावून घेता येतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पाचवी गोष्ट इमारतीची पेलण्याची ताकद. एक साधा हिशेब करून पाहा. २३२ आसनांचं ए३२१ सकाळी सातच्या गर्दीत टी१ला आणखी एक लावायचं आहे. समजा ८५ टक्के भरलं, तर १९७ प्रवासी. त्यांतल्या ६० टक्क्यांकडे चेक-इनचं सामान, म्हणजे सुमारे ११८ माणसं काउंटरवर. माणशी दोन मिनिटं धरली तर २३६ मिनिटांचं काम, म्हणजे पूर्ण तासभर चार काउंटर अडकले. सुरक्षा तपासणीची एक रांग तासाला दीडशे माणसं काढते असं धरलं, तर सव्वा रांग वेगळी. शिवाय उतरणाऱ्यांसाठी सामानाचा बेल्ट. हे आकडे फक्त समजून घेण्यासाठी आहेत, पण नियोजन याच पद्धतीने होतं. एक विमान वाढवणं म्हणजे चार काउंटर, एक बेल्ट आणि एक बे त्याच तासाला शोधणं.

कंपनीची स्वतःची सोयही यात असते. दोन टर्मिनलांत काम विभागलं की कर्मचारी, शिड्या, ट्रॅक्टर, सामान ओढणाऱ्या गाड्या, सगळं दोन ठिकाणी ठेवावं लागतं. टी१ला उतरलेलं विमान पुढच्या फेरीला टी२वरून काढायचं, तर ते ओढून न्यावं लागतं आणि त्यासाठी एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांची, परवानगी घ्यावी लागते. लहान विमानाचा टर्नअराउंड, म्हणजे उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. त्यात असली ओढाताण बसत नाही. म्हणून एकच विमान ज्या फेऱ्या करतं, त्या शक्यतो एका टर्मिनलला बांधलेल्या असतात.

आणि मग येतात अपवाद. २०२०च्या मे महिन्यात देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा मुंबईची सगळी प्रवासी वाहतूक टी२वर होती. टी१ मधल्या काळात काही आठवडे उघडून पुन्हा बंद झालं आणि १३ ऑक्टोबर २०२१ला परत सुरू झालं. टी१ पाडून नव्याने बांधण्याची योजनाही जाहीर झालेली आहे. असं काही प्रत्यक्षात सुरू झालं की अख्ख्या कंपन्या हलतात, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या लेखातली ‘कुठली कंपनी कुठे’ ही यादी वापरू नका.

चौथी पायरी: आपलं टर्मिनल तीनदा पाहा

तिकीट काढताना एकदा. प्रस्थान आणि आगमन, दोन्हीचे रकाने वाचा. जाताना टी२वरून गेलात आणि परतीचं विमान टी१ला उतरतं, असं सहज होतं. टी२च्या पार्किंगमध्ये गाडी लावून गेलेल्याला हे परत आल्यावर कळतं, तेही मध्यरात्री. घ्यायला येणाऱ्यांनाही आगमनाचं टर्मिनल कळवा, प्रस्थानाचं नको.

त्याच वेळी विमानतळाचा कोड बघा. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. शोधताना ‘मुंबई’ लिहिलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात, आणि स्वस्त दिसणारं तिकीट उलव्याहून, म्हणजे नवी मुंबई विमानतळावरून, निघणारं असू शकतं. बोरिवलीकराला ते परवडेलच असं नाही.

दुसऱ्यांदा पाहायचं ते वेब चेक-इनच्या वेळी. बऱ्याच देशी कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं. बोर्डिंग पास नव्याने तयार होतो, त्यामुळे त्यावर छापलेलं टर्मिनल जुन्या पीडीएफपेक्षा ताजं असतं. दोघांत फरक दिसला तर बोर्डिंग पास खरा माना आणि कंपनीच्या साइटवर पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा बुकिंग क्रमांक, टाकून खात्री करा.

तिसऱ्यांदा घरातून निघताना. कंपनीच्या अ‍ॅपवर ‘फ्लाइट स्टेटस’ उघडून क्रमांक आणि तारीख टाका. मध्यरात्रीनंतरच्या विमानांची तारीख नीट वाचा: १७ तारखेला ००:४० म्हणजे १६च्या रात्री जेवून निघायचं. आंतरराष्ट्रीय विमानं याच वेळी जास्त असल्याने ही चूक टी२वर वरचेवर दिसते.

एजंटकडून तिकीट काढलं असेल तर एक काम नक्की करा. बदलाचे एसएमएस आणि ईमेल बुकिंगमध्ये नोंदवलेल्या नंबरवर जातात, आणि तिथे अनेकदा एजंटचाच नंबर असतो. कंपनीच्या साइटवर पीएनआर उघडून आपला मोबाइल नंबर घाला. एजन्सीत नव्याने लागलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं: मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारआधी, पुढच्या हंगामातली सगळी तिकिटं पुन्हा उघडून टर्मिनलचा रकाना तपासायचा.

कोडशेअर फ्लाइटची गंमत वेगळी. तिकिटावर एका विदेशी कंपनीचा क्रमांक असतो, पण मुंबई–बेंगळुरूचा तुकडा भारतीय कंपनी उडवते. अशा वेळी विमान प्रत्यक्ष कोण चालवतं, ती बारीक अक्षरांतली ओळ शोधा. टर्मिनल आणि काउंटर, दोन्ही तिच्याप्रमाणे ठरतात.

गेट आणि टर्मिनल यांची गल्लत करू नका. बे बदलला की गेट बदलतं, आणि बे तर आधीचं विमान उशिरा निघालं तरी बदलतो. आत गेल्यावर फलक पाहत राहावं लागतं ते यासाठी. टर्मिनल मात्र सहसा त्याच दिवशी बदलत नाही.

पाचवी पायरी: मुंबईत विमान बदलायचं असेल तर

एकाच पीएनआरवर दोन्ही फ्लाइट असतील तर दोघांमधला किमान वेळ कंपनीने हिशेबात धरलेला असतो. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची सोय कंपनीने करायची. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर हे संरक्षण नाही. पैसे वाचवायला काढलेली वेगळी तिकिटं मुंबईत महागात पडतात ती बहुधा टर्मिनलमुळेच.

परदेशातून येऊन देशांतर्गत विमान पकडायचं असेल, तर साधारणपणे मुंबईतच इमिग्रेशन, मग बेल्टवरून सामान उचलणं, कस्टम्स आणि पुन्हा सामान जमा करणं, असा क्रम असतो. बॅगेच्या टॅगवर शेवटच्या शहराचं नाव असलं तरी बेल्टपाशी थांबा आणि विचारा. पुढचं विमान टी२चंच असेल तर इमारतीतच काम होतं. टी१चं असेल तर बाहेर पडून टॅक्सी, मेट्रो किंवा विमानतळाची कोच. कोचसाठी पुढच्या प्रवासाचं तिकीट हाताशी ठेवा. वेगळ्या तिकिटांवर टी२ ते टी२ असेल तर आमच्या मते चार तास हवेत, टर्मिनल बदलत असेल तर पाच. जास्त वाटतील, पण इमिग्रेशनची रांग आणि सहारचा रस्ता, दोन्ही एकाच दिवशी तुंबू शकतात.

एक विचित्र प्रकार माहीत असू द्या. काही आंतरराष्ट्रीय विमानं दोन भारतीय शहरांमध्येही प्रवासी नेतात. अशा विमानाने तुम्ही नुसते देशांतर्गत जात असलात, तरी आंतरराष्ट्रीय भागातून जावं-यावं लागतं. ओळखपत्र जवळ ठेवा आणि बोर्डिंग पास शेवटपर्यंत फेकू नका, कस्टम्समध्ये तुम्ही देशातूनच आलात हे त्यावरूनच दाखवता येतं.

सहावी पायरी: चुकीच्या दारात पोहोचलात तर

दारावरचा सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळ सुरक्षा दलाचा, जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहून तिथेच थांबवतो. वाद घालू नका, आत जाऊनही उपयोग नाही. आधी घड्याळ पाहा. समजा विमान ९:००चं आहे. देशांतर्गत चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी, म्हणजे ८:००ला बंद होतो, आणि बोर्डिंग गेट साधारण २५ मिनिटं आधी, म्हणजे ८:३५ला. सामान जमा करायचं असेल तर तुमची मर्यादा ८:००ची, फक्त हातातली बॅग असेल तर ८:३५ची. मधली पस्तीस मिनिटं कधीकधी प्रवास वाचवतात.

उभ्या उभ्या वेब चेक-इन करून टाका. ते बंद व्हायला थोडाच वेळ राहिलेला असतो, म्हणून टॅक्सी शोधण्याआधी हे. मग वाहन ठरवा. गर्दीच्या वेळी आणि सामान कमी असेल तर मेट्रो, रात्री किंवा पहाटे टॅक्सी. ड्रायव्हरला ‘टी टू डिपार्चर’ असं पूर्ण सांगा, नाहीतर तो आगमनाच्या बाजूला सोडतो आणि दोन मजले चढण्यात पाच मिनिटं जातात. वाटेत कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावा. विमान थांबणार नाही, पण नंतरच्या विमानात जागा आहे का, आणि सुटण्याआधी तारीख बदलली तर किती शुल्क पडेल, ते कळतं. विमान सुटण्याआधी केलेला बदल बहुधा स्वस्त पडतो, सुटल्यानंतर तिकीट ‘नो-शो’ होतं.

नो-शो झालंच, तर मूळ भाडं बहुतेक वेळा जातं. पण सरकारी कर आणि विमानतळाचं वापरकर्ता विकास शुल्क न वापरलेल्या तिकिटावर परत मिळतं. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी, डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, नियमानुसार. कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून परताव्याची मागणी नोंदवा, आणि तिकीट एजंटचं असेल तर ती त्याच्यामार्फत करा.